पुढच्या मुक्कामाची शिदोरी

शेतावर भाकरी पोचवणे हे काम आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. माणूस औत घेऊन गेला की घरच्या बाईच्या मनात हिशोब सुरू होतो. भाकऱ्या किती, कालवण कशात न्यायचे, आज गडी किती आहेत, आणि ऊन चढायच्या आत बांधावर कसे पोचायचे. एखाद्या दिवशी तासभर उशीर झाला तर काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको. बैल सोडून माणूस झाडाखाली बसलेला असतो आणि तोंडातून शब्द काढत नाही.

आता अशी कल्पना करा, की ते वावर साडेतीनशे किलोमीटर लांब आहे. वाटेत गाव नाही, वस्ती नाही, दुकान नाही. माणसाने चालत निघायचे आणि तीन आठवड्यांनी पलीकडच्या टोकाला बाहेर पडायचे. त्याची भाकरी कोण, कुठे आणि कशी पोचवणार?

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो माझ्या भाचीमुळे. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. लग्नानंतर नवऱ्याबरोबर कॅलिफोर्नियात राहते, दोघेही नोकरी करतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दोघांनी तिथल्या सिएरा नेवाडा पर्वतातून पायी जायचे ठरवले. बहीण त्या उन्हाळ्यात लेकीकडे गेलेली होती. तिचा मला फोन आला, "अगं ताई, ही दोघं वीस दिवस रानात जाणार म्हणतात. खाणार काय?" आईला दुसरे काय सुचणार? पण खरे सांगायचे तर त्या साऱ्या प्रवासात विचारण्यासारखा प्रश्न तोच होता. पुढे भाची इकडे आली, तेव्हा मी तिच्याकडून सगळी हकीकत बारकाईने विचारून घेतली. तुमच्यापैकी कोणाची मुले हिमालयात नाही तर आणखी कुठे पायी जायला निघाली, तर तिचा उपयोग होईल म्हणून ती इथे सांगते.

गुराख्याच्या डोक्यातली वाट

या वाटेला जॉन म्यूर ट्रेल म्हणतात. योसेमिटीच्या खोऱ्यातून ती सुरू होते आणि माउंट व्हिटनीच्या माथ्यावर संपते. लांबी सुमारे ३४० किलोमीटर. व्हिटनीची उंची ४,४२१ मीटर, म्हणजे अलास्का सोडले तर अमेरिकेतले हे सर्वांत उंच शिखर. वाट तिथे संपली तरी माणसाला खाली उतरावे लागतेच, ते आणखी सतरा-अठरा किलोमीटर.

अशी वाट असावी हे पहिल्यांदा कोणाला सुचले असेल? थिओडोर सॉलोमन्स नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला. १८८४ साली तो आपल्या काकांची गुरे राखत होता. समोर बर्फाच्या डोंगरांची रांग दिसत होती, आणि तिच्या माथ्यामाथ्याने जाता आले तर, असे त्याच्या मनात आले. काम मात्र १९१५ साली सुरू झाले आणि पुरे व्हायला १९३८ उजाडले. त्याच्याही कितीतरी आधी तिथले मूळचे लोक या डोंगरांतून ये-जा करत होतेच. पूर्वेचे पायूट आणि पश्चिमेचे मीवोक खिंडीखिंडींतून व्यापार करत. इकडून ओकची फळे जात, तिकडून मीठ, चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे आणि बाणांच्या टोकांसाठी काळा काचेसारखा दगड येई. पायूट लोक या वाटेला आजही 'नूमू पोयो' म्हणजे लोकांची वाट म्हणतात.

ज्यांचे नाव वाटेला दिले ते जॉन म्यूर निसर्गाचे मोठे अभ्यासक म्हणून जगाला माहीत आहेत. पण ते शेतकऱ्याचे पोर होते हे फार जणांना ठाऊक नसते. जन्म १८३८ चा, स्कॉटलंडमधला. अकरा वर्षांचे असताना घरची मंडळी अमेरिकेत विस्कॉन्सिनला आली आणि पोराचे पुढचे दिवस जंगल तोडून जमीन करण्यात गेले. १८६९ साली ते सिएराच्या डोंगरात पहिल्यांदा उन्हाळाभर राहिले, तेही मेंढरांबरोबर. दोन हजारांवर मेंढरे चरत चरत उंच कुरणांकडे न्यायची होती. मालकाने म्यूरना मेंढपाळावर देखरेख ठेवायला सोबत घेतले होते.

त्या उन्हाळ्यातली एक गोष्ट आपल्या विषयाची आहे. मालकाने खालून पीठ-मीठ घेऊन यायचे ठरले होते. जुलै उजाडला, पीठ संपले, मालकाचा पत्ता नाही. मटण हवे तितके होते, हजारो मेंढरे भोवती उभी होती. पण भाकरीवाचून नुसते मटण चार दिवस खाऊन पाहा. पोटात ढवळायला लागले, चालवेना, कामात मन लागेना. म्यूरनी हे सगळे रोजनिशीत लिहून ठेवले आहे. भोवतालच्या रानातच स्थानिक लोकांना पोटभर खायला मिळते, नेच्याच्या आणि कंदांच्या पिठावर ते जगतात, आणि आपल्याला मात्र त्यातले काही ओळखता येत नाही, याची त्यांना लाज वाटली. शेवटी मालक शिधा घेऊन आला तेव्हा जिवात जीव आला. मेंढरांमागे हिंडणाऱ्या आपल्या धनगर बंधूंना यात नवल वाटणार नाही. त्यांच्या बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढच्या मुक्कामाला जातात, वाटेतल्या बाजाराचा दिवस कोणता ते त्यांना पाठ असते.

आधी तराजू, मग टोपले

भाची आणि जावईबापूंनी एक गोष्ट शहाणपणाची केली. निघण्याच्या दोन महिने आधी वजनकाटा आणला.

दिवसभर ओझे घेऊन डोंगर चढणाऱ्या माणसाला साडेतीन हजार उष्मांक तरी लागतात. नांगरटीच्या दिवसांत गड्याला जितके लागते तितकेच धरा. कोरड्या शिध्यात ते बसवायचे तर माणशी दिवसाला सुमारे ८०० ग्रॅम अन्न होते. वीस दिवसांचे सोळा किलो. दोघांचे बत्तीस. त्यावर तंबू, अंथरूण, चूल, कपडे, पाणी. इतके पाठीवर घेऊन कोणी चार हजार मीटरवर चढत नाही. चालणाऱ्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाहून जास्त ओझे असू नये, असा तिकडचा साधा आडाखा आहे.

म्हणजे शिधा तुकड्यातुकड्यांत पुढे पाठवायला हवा. यात नवीन काय आहे, असे तुम्ही म्हणाल. पंढरीच्या वाटेवर दिंडीचा ट्रक पहाटेच पुढे जातो. वारकरी विसाव्याला पोचतात तेव्हा पिठाची पोती उतरलेली असतात, चुली पेटलेल्या असतात. नर्मदेच्या परिक्रमावासीयाला वाटेवरच्या गावांत सदावर्त मिळते. फरक इतकाच, की सिएरात ट्रकही नाही आणि सदावर्तही नाही. तिथे ही जागा घेतात डाकघरे, डोंगरातल्या दोन-चार धर्मशाळावजा जागा आणि खेचरे.

डाकघराची सोय मला फार आवडली. अमेरिकेत कोणत्याही गावच्या डाकघरात स्वतःच्या नावाने 'जनरल डिलिव्हरी' असे लिहून खोके पाठवता येते. ओळखपत्र दाखवून ते सोडवायचे. साधारण तीस दिवस ते ठेवून घेतात. वर ठळक अक्षरात लिहायचे, की हे पायी येणाऱ्याचे आहे आणि तो अमुक तारखेच्या सुमारास येईल. आपल्याकडेही टपालखात्यात 'पोस्ट रेस्टंट' म्हणून अशीच सोय आहे, कोणी वापरत नाही इतकेच. कॅलिफोर्नियाच्या या वाटेला मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत जाणारी दुसरी लांबलचक वाट मिळते, पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल. ती ४,२६५ किलोमीटरची. तिच्यावरचे पाच-पाच महिने चालणारे लोक अशी खोकी गावोगाव पाठवून ठेवतात. उत्तरेला स्टेहेकिन म्हणून एक गाव त्यांना लागते. तिथे मोटाररस्ता पोचतच नाही, बोटीने नाही तर पायी जावे लागते, पण डाकघर आहे. आणि एक बेकरीही, जिच्यासाठी म्हणे लोक पाय उचलून चालतात.

पण डाकघराला सुट्टी असते हे विसरून चालत नाही. शनिवारी दुपारी पोचलात तर सोमवारी सकाळपर्यंत तुमचे पीठ कुलपात आणि तुम्ही बाहेर. दोन दिवस बसून खायचे ते विकतचे. म्हणून जाणती मंडळी कॅलेंडर पाहून चाल ठरवतात. स्वयंपाकाच्या गॅसच्या डब्या विमानटपालाने जात नाहीत, जमिनीवरून पाठवायच्या तरी खोक्यावर तशी खूण लावावी लागते. त्यामुळे इंधन शक्यतो वाटेतच विकत घ्यावे.

अस्वलाला पटेल असा डबा

भाचीच्या वाटेवर मुक्काम मोजके होते. योसेमिटीतून निघाल्यावर तिसऱ्या दिवशी टुऑलमीची कुरणे. तिथे रस्ता आडवा येतो, पण तो बर्फावर अवलंबून. २०२३ साली इतका बर्फ पडला होता, की तो रस्ता जुलै संपत आल्यावर उघडला. पुढे सुमारे ९७ किलोमीटरवर रेड्स मेडो. त्यापुढे एडिसन तलावाच्या काठी एक जागा आहे, तिथे वाट सोडून जावे लागते. आणि अर्ध्या वाटेवर, साधारण १७५ किलोमीटरवर, म्यूर ट्रेल रँच. त्यानंतर व्हिटनी उतरून खाली येईपर्यंत वाटेवर काहीही नाही. जवळजवळ १८० किलोमीटर.

या रँचवर शिधा खोक्यात घेत नाहीत, प्लॅस्टिकच्या बादलीतच लागतो. एकोणीस लिटरची, घट्ट झाकणाची बादली, आपल्याकडे रंगाची असते तशी. कारण साधे आहे, उंदीर. कणगी राखणाऱ्याला हे समजावून द्यायला नको. बादली टपालाने लेकशोर नावाच्या गावापर्यंत जाते, तिथून रँचची माणसे ती फ्लॉरेन्स तलावापलीकडे नेतात. म्हणून ती निदान तीन आठवडे आधी पाठवावी लागते आणि पोचवणावळही चांगली सणसणीत द्यावी लागते. ज्यांना तेही जमत नाही ते खेचरवाल्याला बोलावतात. एक खेचर साठ-सत्तर किलो माल घेऊन ठरल्या जागी, ठरल्या दिवशी येते. आपला एकट्याचा शिधा त्या मानाने थोडा, त्यामुळे चार जणांनी मिळून सांगितले तरच ते परवडते.

उंदरांहून मोठा चोर म्हणजे अस्वल. तिथली काळी अस्वले माणसाच्या वाटेला फारशी जात नाहीत, पण त्याच्या शिध्याच्या जातात. त्यांच्या नाकाची ताकद अशी, की बंद मोटारीतला खाऊ त्यांना बाहेरून कळतो, आणि दरवाजा उचकटून तो खाल्ल्याचे प्रकार योसेमिटीत कितीतरी झाले आहेत. म्हणून त्या भागात जाड प्लॅस्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा डबा जवळ बाळगण्याची सक्ती आहे. रिकामाच सव्वा किलोच्या घरात भरतो. त्यात साडेअकरा लिटर जागा. अन्नच नव्हे, तर दात घासायची पेस्ट, साबण, मलम, ज्याला ज्याला वास आहे ते सगळे रात्री त्यात जायला हवे, आणि डबा तंबूपासून लांब ठेवायचा. झाडाला टांगायचा नाही, पुरायचाही नाही. अस्वल येते, लोळवते, कंटाळून जाते.

सगळीच अस्वले कंटाळतात असे नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरात एक छोटीशी मादी होती. तिच्या दोन्ही कानांत पिवळे बिल्ले होते म्हणून लोक तिला 'यलो-यलो' म्हणत. तिने एका डब्याचे झाकण उघडण्याची युक्ती स्वतःची स्वतः शोधून काढली. कारखान्याने झाकणाला आणखी एक खटका बसवला, तर तिने तोही उघडला. घरोघरच्या शिंक्यावरच्या मांजरीची ही मावशीच म्हणायची.

हिशोब कुठे चुकला

आता खरी गोष्ट. भाचीने मुक्काम असे पाडले होते. रेड्स मेडोपर्यंत सहा दिवस, तिथून रँचपर्यंत पाच, आणि शेवटचा टप्पा नऊ दिवसांचा. पहिला शिधा पाठीवर, दुसरा रेड्स मेडोला खोक्यातून, तिसरा रँचवर दोन बादल्यांतून. कागदावर सारे चोख.

बहिणीने तिथल्या ओट्यावर आठ दिवस राबून शेंगदाण्याचे लाडू केले. मेतकूट केले. पोहे भाजून त्यात फोडणी, तीळ, खोबरे घालून पिशव्या भरल्या. आणि लेकीला वरण-भाताशिवाय जमत नाही म्हणून तांदूळ आणि तुरीची डाळ.

पहिली चूक ही डाळच. उंचावर पाणी लवकर उकळते, पण थंडच उकळते. तीन हजार मीटरवर ते नव्वद अंशांच्या आसपास उकळू लागते आणि त्यापुढे तापत नाही. डाळ तासभर रटरटली तरी दाणा कच्चाच. लाकडे पेटवायला उंचावर बंदी, जवळ गॅसची एक छोटी डबी. ती वरणावरच अर्धी संपली. इथे आपण कुकरची शिट्टी ऐकतो आणि त्याचे उपकार विसरतो. तिकडचे मुरलेले लोक कधी कच्चे धान्य नेत नाहीत. आधी घरी शिजवायचे, पातळ पसरून खडखडीत वाळवायचे, मग भरडून न्यायचे. गरम पाणी ओतले आणि झाकून ठेवले की झाले. आपल्या सांडग्या-कुरडयांच्या वाळवणाहून यात वेगळे काही नाही. पण शहरात गेलेल्या मुलींना वाळवण आठवत नाही आणि आपणही आठवण करून देत नाही.

दुसरी चूक भुकेची. पहिले तीन-चार दिवस उंचीमुळे दोघांना अन्नच जाईना. रेड्स मेडोला पोचले तेव्हा डब्यात अजून खाणे शिल्लक. भाचीला वाटले, आपण फार बांधून आणले. मग दहाव्या-अकराव्या दिवशी भूक अशी उसळली, की माणशी ठरलेले ८०० ग्रॅम दुपारपर्यंतच संपायला लागले. चालणाऱ्या सगळ्यांनाच असे होते. म्हणून पहिल्या टप्प्याचा शिधा थोडा कमी आणि शेवटच्याचा चांगला सव्वापट बांधायचा असतो.

तिसरी चूक जिवावर येण्यासारखी होती. रँचवर बादल्या उघडल्या. नऊ दिवसांचे अन्न, आणि अस्वलाच्या डब्यात माणशी सातच दिवसांची जागा. काहीतरी मागे ठेवणे आले. त्या रँचवर मोठी मोठी पिंपे ठेवलेली असतात. ज्याला जे जास्त झाले ते त्याने त्यात टाकावे, ज्याला हवे त्याने घ्यावे. कोणी कॉफी टाकतो, कोणी ओटचे पीठ, कोणी दूध पावडर. भाचीने डब्यात हात घालून सगळ्यांत जड काय ते शोधले आणि शेंगदाण्याच्या लाडवांच्या तीन पिशव्या पिंपात टाकल्या. पोहे आणि तांदूळ ठेवले, हलके म्हणून.

बायांनो, तुम्ही असता तर असे केले असते का? शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर उष्मांक, तुपात नऊशेच्या जवळ. तांदळात, पोह्यांत साडेतीनशे. आणि पोहे डब्यात जागा किती खातात! जिथे जागा मोजकी, तिथे मुठीत मावून पोट भरेल ते ठेवायचे आणि फुगीर ते सोडायचे. जावईबापूंनी दोन पिशव्या पिंपातून परत काढायला घेतल्या होत्या म्हणे. हिने काढू दिल्या नाहीत. पाठ दुखत होती.

बहिणीला हे मी अजून सांगितलेले नाही. हा अंक तिच्या घरी जातो, तेव्हा आता कळेलच.

राय तलावाची रात्र

रँचपासून सहाव्या दिवशी संध्याकाळी दोघे राय तलावाशी पोचले. म्यूर खिंड, मॅदर खिंड, पिंचो खिंड मागे पडली होती. सगळ्या साडेतीन हजार मीटरच्या वर. रोज वीस किलोमीटर होतील असे धरले होते, होत होते अठरा. भाचीने डबे उलटे केले आणि सगळे खाणे दगडावर मांडले. हिशोबाने तीन दिवसांचे उरायला हवे होते. होते दीड दिवसाचे. त्यातही तांदूळ, आणि गॅस संपत आलेला.

पुढची वाट सत्तर किलोमीटर. मध्ये सर्वांत उंच अशी फॉरेस्टर खिंड, ४,००९ मीटर. त्यानंतर व्हिटनी. म्हणजे चार दिवस.

जावईबापू म्हणाले, "पुरवू. अर्धंअर्धं खाऊ. वाटेत कुणीतरी देईल." त्यांचेही चूक नव्हते. वीस दिवसांची रजा मोठ्या मुश्किलीने मिळाली होती, आणि ती वाट चालायचा परवाना चिठ्ठ्या टाकून मिळतो. खाली उतरायचे म्हणजे दोन दिवस तरी मोडणार. भाची मला म्हणाली, "मावशी, मला तेव्हा त्याचा राग नव्हता आला. मला माझाच आला होता." ती रात्रभर जागी होती. दुसऱ्याच्या डब्यातही मोजूनच आणलेले असते, हे तिला त्या दगडावर स्वतःचा शिधा मांडताना कळले होते. पुढच्या खिंडीत पाय लटपटले, दुपारी गारा आल्या, तर अर्ध्या पोटी माणूस गारठतो आणि त्याला चुकीच्या वेळी चुकीचे सुचते. सकाळी उठल्यावर तिने सांगितले, "मी कीअरसार्ज खिंडीतून खाली उतरते आहे. तू ठरव."

दोघे उतरले. ग्लेन खिंड ओलांडून मुख्य वाट सोडली, कीअरसार्ज खिंड चढले आणि संध्याकाळी ऑनियन व्हॅली नावाच्या जागी मोटाररस्त्याला लागले. खाली इंडिपेन्डन्स हे गाव आणखी वीस-एकवीस किलोमीटर. एका कुटुंबाने गाडीत घेतले. गावात आधी फोन केला. बहिणीने स्वयंपाकघरात तारखांचा कागद चिकटवला होता, कोणत्या दिवशी कुठे, आणि कोणत्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर कोणत्या नंबरवर कळवायचे. हा कागद लेकीनेच लिहून दिला होता. साऱ्या तयारीतली मला सर्वांत पटलेली गोष्ट ती. बहीण दर संध्याकाळी त्यावर फुली मारत होती.

"आई, आम्ही खाली उतरलोय. ठीक आहोत."

"अगं बाई! आणि लाडू?"

"संपले."

खोटे म्हणता येणार नाही.

रात्री पोटभर जेवून, दुसऱ्या दिवशी झोप काढून त्यांनी गावातून मक्याच्या-गव्हाच्या पोळ्या, शेंगदाण्याचे लोणी, चीज, सुका मेवा आणि गॅसची डबी घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच खिंड चढून वाटेला लागले. चार दिवसांत व्हिटनी करून पलीकडे उतरले. रजा दोन दिवस बिनपगारी झाली.

एका आजीबाईंची थैली

शिधा पाठवण्याच्या या पसाऱ्याला कंटाळून कोणी म्हणेल, की पूर्वी माणसे इतके करत होती का? एक बाई अशी होती, जिने यातले काहीच केले नाही. एमा गेटवुड, ओहायो राज्यातली शेतकरीण. अकरा मुलांची आई. अमेरिकेच्या पूर्वेकडची ॲपलाचियन ट्रेल तीन हजार किलोमीटरच्या वर आहे. ती त्यांनी १९५५ साली एकट्याने चालून पुरी केली. तेव्हा वय ६७. मे महिन्याच्या सुरुवातीला निघाल्या आणि सप्टेंबरच्या २५ तारखेला शेवटच्या शिखरावर पोचल्या. पायात कॅन्व्हासचे बूट, खांद्यावर हाताने शिवलेली एक थैली, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. खाणे म्हणजे मनुका, शेंगदाणे, डब्यातले मांसाचे तुकडे. बाकी रानातले जे ओळखीचे दिसेल ते, वाटेतल्या गावचे दुकान आणि लोकांच्या घरचे दार. पुढे आणखी दोन वेळा त्यांनी ती वाट केली, दुसऱ्यांदा १९५७ साली आणि तिसऱ्यांदा १९६४ साली.

पण त्या वाटेवर दर तीन-चार दिवसांनी खाली गाव लागते, आणि शेतावर वाढलेल्या त्या बाईंना पाला ओळखता येत होता. तरीही १९५४ साली पहिल्या खेपेला त्या मेनच्या जंगलात वाट चुकल्या, चश्मा फुटला, खाणे संपत आले आणि वनरक्षकांनी त्यांना घरी परत पाठवले. दुसऱ्या वर्षी त्यांनी उलट टोकाकडून, दक्षिणेकडून सुरुवात केली.

आपल्या सह्याद्रीत हा प्रश्न इतका बिकट नाही. कोणत्याही धारेवरून दिवसभरात खाली वाडी गाठता येते आणि पिठलं-भाकरी नाही म्हणणारे घर विरळा. हिमालयात मात्र मुले आठ-आठ दिवसांसाठी जातात. तिथे शिध्याचे खेचर पुढे जाते आणि पावसाने वाट मोडली की मागेच अडकते. म्हणून शेवटच्या दोन दिवसांचे खाणे खेचरावर नव्हे, ज्याच्या त्याच्या पाठीवर असावे.

भाची आता पुन्हा जायचे म्हणते. या वेळी डाळ-भाताची पूड तिने इथूनच करून नेली. कृती अशी. एक वाटी तुरीची डाळ आणि दोन वाट्या तांदूळ हळद-हिंग घालून गुरगुट्या शिजवावे. तेल-तूप अजिबात घालू नये, ते खवट होते. गार झाल्यावर ताटाला पातळ थापावे, वर पातळ धोतर घालून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावे, मधे एकदा उलटावे. मोडताना कट्‌ आवाज आला पाहिजे. जाडसर भरडून कोरड्या डब्यात भरावे. एका माणसाला सव्वाशे ग्रॅम पूड, दुप्पट उकळते पाणी, दहा मिनिटे झाकून, वरून जेवताना तूप. चवीला मेतकूट.

लाडू मात्र तिने आईला करायला सांगितलेले आहेत. दोन भाग भाजलेले दाणे, एक भाग गूळ, थोडे तूप, आणि लहान वळायचे, डब्याच्या कोपऱ्यांत बसतील असे.